सात अँपिअर-तास

लाइट गेली की आधी फ्रिज गप्प होतो,
मग समोरचा टीव्ही,
आणि मग माझं घर ओरडायला लागतं.
चोर नाही, मांजरसुद्धा नाही.
कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात
बॅटरी तेवढी मेलेली.

विल्फ्रेडने तिच्यावर मार्करने तारीख घातली होती,
सातच्या पोटावर आडवी रेघ, त्याच्या सवयीची.
पाच वर्षं झाली. कडा फुगल्यात.
ती तशीच पिशवीत घालून
कारिएगाच्या बाजारात गेले.
शिसं बारीक दिसतं आणि खांदा काढतं.

काउंटरवरचा लुंगिसा म्हणाला,
"आन्टी, किती तास टिकायला हवी?"
"चार. कधी साडेचार.
स्टेज सहा असली तर दिवसातून तीनदा."
त्याने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला:
पॅनल, कीपॅड, चार सेन्सर,
मिळून अर्धा अँपिअर धरू.
चार तासांचे दोन.
"सातची पुरते. पण शिशाला अर्ध्याखाली नेऊ नका.
पुन्हा पुन्हा तसं झालं
की ते पूर्ण भरून येत नाही."
म्हटलं, ठाऊक आहे.

लिथियमची त्याने तळहातावर ठेवून दाखवली,
पावाच्या लादीएवढी हलकी, किंमत तिप्पट.
"चांगली आहे. पण तुमचं पॅनल जुनं,
त्याचा चार्जर शिशाच्या वळणाचा.
जमेल किंवा नाही, मी शपथ घेणार नाही."
मग नऊची?
"बसेल डब्यात. भरायला वेळ जास्त.
लाइट तेवढा वेळ देते का?"
दोघंही हसलो.

मी खोका उलटा करून तळाची तारीख वाचली.
दोन वर्षं फळीवर.
"ही न वापरताच म्हातारी झालीय," मी म्हटलं.
तो लाजला, आत गेला,
आणि याच मार्चमधली घेऊन आला.

लुंगिसाला एक सांगितलं नाही.
सायरन वाजला की भिंतीपलीकडून ऑब्री यान्त्जीस यायचा,
सपाता, काठी, हातात टॉर्च.
"कोण आहे?"
"कोणी नाही रे. बॅटरी."
मग सेल वाचवायला तो टॉर्च विझवायचा
आणि फाटकाशी उभ्या उभ्या सांगायचा
मोटारीच्या कारखान्यातली तीस वर्षं:
दारं, नुसती दारं बसवली त्याने,
एकही गाडी चालवत घरी आणली नाही.
वीस मिनिटं. कधी पंचवीस.

लालला लाल, काळ्याला काळी.
क्लिप घट्ट बसल्याचा आवाज आला.
आठ वाजता लाइट गेली.
फ्रिज गप्प. टीव्ही गप्प.
घरही गप्प.
कीपॅडवरचा हिरवा ठिपका
शहाण्या मुलासारखा जागा.
भिंतीपलीकडे टॉर्च लागला,
थोडा फाटकाकडे सरकला,
थांबला,
विझला.

रात्री मेणबत्तीपाशी माहितीपुस्तक काढलं.
शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात:
महिन्यातून एकदा सायरन वाजवून पाहावा.
विल्फ्रेडने कधी पाहिला नाही.
मी मार्कर शोधला, नव्या बॅटरीवर तारीख घातली,
सातला आडवी रेघ दिली.

पुढच्या मंगळवारी, लाइट असताना,
कॉफीचं पाणी दोन कपांचं ठेवून
मी कीपॅडवरची तीन बटणं दाबली.