तेरा पिच

पानिंग्वाकनं काउंटरवर ठेवला
तो तिच्या भावाचा पंखा.
स्टेनलेसचा, एकोणीस पिच, आरशासारखा.
एकाही पात्याला टवका नाही.
बोट मात्र धक्क्याला पडून,
गिअरचे दात गिळून बसलेली.

उपर्नाविकमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे
कारालि कसा जायचा.
मी तो विषय काढला नाही.
विचारलं, "तू काय वाहणार?"

हॅलिबटचे आठ टब, दोन पोरं,
परतीला कधी सासूबाई.

"मग एकोणीस नको.
पिच म्हणजे एका गिरकीत
इतके इंच पुढं जाईन, ही पंख्याची बढाई.
पाणी काही लाकूड नाही,
थोडं निसटतंच.
भरल्या बोटीत इंजिन चार हजारांवरच धापा टाकेल.
तेरा घे. साडेपाचपर्यंत मोकळं फिरू दे त्याला.
वेग जाईल जरा."

"जाऊ दे," ती म्हणाली. फार पटकन.

मग धातू. नजर पुन्हा स्टीलवरच.
मी अॅल्युमिनियमचा पुढं सरकवला :
काळा, हलका, दिसायला गरीब.
"बर्फाचा गोटा लागला की वाकतो हा.
कधी पातंच जातं."
"आणि हा चांगला?"
"हा मोडतो, म्हणून आतलं वाचतं."

तिनं जुन्याच्या कडेवरून अंगठा फिरवला,
सावकाश, तिन्ही पात्यांवरून.
"दोन दे. एक लावायला,
एक बोटीत, पान्यासकट."

जुना ठेव, पैसे वळते करतो, म्हटलं.
नको म्हणाली.

परवा गेलो होतो तिच्याकडे.
दाराशी आहे तो,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.