आधी पाणी

चाळीस किलो दगड पार्सलनं आला
आणि मागवणारा पुण्याला गेला, नोकरीवर.
राहिले मी, उत्तरेश्वरातली गच्ची,
आणि निळा ड्रम,
ज्यात आजवर गव्हाखेरीज काही भरलं नव्हतं.

दगड म्हणायचं आपलं.
हातात घेतला तर शिळ्या भाकरीएवढा हलका,
सगळीकडून भोकं.
समुद्राचं हाडूक आहे ते, शर्विल फोनवर म्हणाला,
कधीकाळी जिवंत होतं.
भोकांत काहीतरी काळं, वाळलेलं.
टूथब्रशनं उकरलं, मग दाभणानं,
शेवटी केसांतला आकडा काढला.

मग ॲसिड.
तो तिकडून घाबरलेला: हातमोजे घाल, चष्मा घाल,
वाऱ्याकडं पाठ कर.
अरे, मी हुपरीची.
आमच्या सोप्यात पैंजणांच्या ढिगाशेजारी
ॲसिडच्या बरण्या असायच्या, पोरांच्या उंचीच्या.
आधी पाणी, मग ॲसिड, अण्णा म्हणायचे,
उलटं केलंस तर तोंडावर येतंय.
धंद्यातलं एवढं एकच त्यांनी मला सांगितलं.
बाकीचं सगळं दादाला.

दगड फसफसला.
वरचा थर, धूळ, कुणाकुणाची मेलेली घरं
फेस होऊन काठापर्यंत आली.
चांदी अशी बोलत नाही, ती गप्प उजळते.
मी लांब उभी राहून ऐकत राहिले,
कुकर लावायचा राहून गेला.

खाण्याचा सोडा, तीनदा धुणं, कठड्यावर ऊन.
काशीदवहिनी पलीकडनं: काय वं, लोणचं का?
दगड मुरवालोय, म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. किती दिवस लागतात, विचारलं.

आरओच्या पाण्याचे अकरा कॅन जिन्यानं वर.
मीठ घरचं चालत नाही, त्याचं वेगळं, पिशवीतलं,
मापायला काचेची नळी.
खरा समुद्र गगनबावड्याचा घाट उतरल्यावर.
हा मी गुऱ्हाळातल्या जुन्या फळीनं ढवळला.

आणि एक कोळंबी.
एकच? मासळीवाली म्हणाली.
सडायला घालायचीय, हे कसं सांगू?

वरून गोधडी, आत अंधार, मोटरीची गुणगुण.
रोज रात्री नळीत पाणी, थेंब मोजून औषध.
पिवळं म्हणजे काही नाही. हिरवं म्हणजे विष.
दुधाच्या जुन्या वहीत मी तारीख आणि रंग लिहिते:
पोपटी. हिरवं. हिरवं. पालकाच्या भाजीसारखं.
वास जिन्यापर्यंत उतरला.
पाणी ओतून देऊ का?
नको, आई. ते येतात आपोआप.
कोण?
खाणारे. विष खाणारे.
कुठनं येतात, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही.
पूर्वी तो 'करालोय' म्हणायचा,
आता 'करतोय' म्हणतो.
चार महिन्यांत कसल्या ब्रशनं घासलं त्याला
कोणास ठाऊक.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, नळी
हळदीच्या पाण्यासारखी.
पुन्हा हलवली. पुन्हा हळद.
दुसरी नळी लख्ख निळी.
गोधडी उचलली तर वास नाही,
ओठांवर नुसतं मीठ.
दगड दिसायला होता तसाच.

शून्य आलं की लगेच कळव, म्हणाला होता,
रजा काढून येतो, मासे आणतो,
ड्रम उचलून टाकू.
आज गुरुवार.
वहीत तीन ओळी पिवळ्या.
त्यानं विचारलं तर सांगेन, लपवायचं काय त्यात.

पण इतकं सगळं खाऊन संपवलेले ते,
आता काय खात असतील?

पिशवी घेतली, बाजारात गेले.
मासळीवालीनं ओळखलं.
एकच ना?
एकच, म्हटलं. जरा मोठी बघून दे.