पीप क्रमांक एकशे बारा

थिबो, झोपलायस? मग डोळे मिटूनच ऐक.
नर्स म्हणाली, दहाच मिनिटं.

आज बोनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.
सकाळी नऊलाच लोक भर चौकात ऑयस्टर खात होते,
लिंबू पिळून, उभ्या उभ्या, गारठ्यात नाकं लाल करून.
बूच उपटायच्या शर्यतीत
पेल्टिएचा म्हातारा दुसरा आला
आणि पहिला आल्यासारखा नाचला.
मीही चाखली नवी वाइन, आठ आठवड्यांची,
अजून बोलताही न येणारी.
थुंकायला भांडं होतं. मी गिळली.
बघ, दात अजून जांभळे आहेत.

तुझा तपकिरी कोट घातला होता. माझा बरा नाही दिसत.
दारावरच्या शिपायानं खिसे तपासले
आणि तुझी छाटणीची कात्री काढली बाहेर.
मागे उभ्या असलेल्या मोत्यांच्या बायका दोन पावलं सरकल्या.
त्यानं कात्री ठेवून घेतली, बिल्ला दिला,
टोपीचा देतात तसा. सत्तेचाळीस नंबर.

आत मी खांबाआड बसले.
आपलं पीप आलं तेव्हा चार वाजून गेले होते.
पाटीवर उताराचं नाव, साल, दोनशे अठ्ठावीस लिटर.
तुझं नाव नव्हतं. माझंही. कुणाचंच नसतं.
जुन्या रिवाजानं त्यांनी मेणबत्ती लावली,
करंगळीएवढी.
ती विझेपर्यंत बोली.

सगळा हॉल त्या ज्योतीकडे बघत होता, थिबो,
विझण्याची वाट बघत.
आणि मला एप्रिलची ती रात्र आठवली,
उणे चार, ओळींमधून चारशे डबे पेटवलेले,
आपण दोघं वाकून वाकून फिरतोय,
वारा आला की तू डब्यापुढे आडवा होतोस
आणि मला ओरडतोस, "सिदोनी, तो बघ, तो चाललाय!"
पहाटे साडेपाचपर्यंत एकही विझू दिला नाही आपण.
बत्तीस विझले, खरं तर. तुला सांगितलं नव्हतं.

इथे ज्योत वाकली, सावरली,
कुणीतरी हात वर केला, पुन्हा वाकली.
माझ्याकडून फुंकर निघाली नाही
पण हाताचा आडोसा झाला, आपोआप,
मांडीवर, कोटाच्या आत.
शेजारचा माणूस वळून बघायला लागला.
मग धूर. मग हातोडा.
सव्वीस हजार.

दवाखान्यासाठी असतात हे पैसे, तुला माहीत आहेच.
या मजल्याची लिफ्ट नवी होणार म्हणतात.
तुझ्या खाटेचे किती दिवस बसतात त्यात
ते मी बोटांवर मोजायला घेतलं,
मग टाळ्या सुरू झाल्या, हात वर करून गोल गोल फिरवत
ते आपलं नेहमीचं गाणं, आणि हिशेब चुकला.

घेणारी बाई अँटवर्पची. बाहेर मला भेटली, चांगली होती.
विचारलं तिनं, तो मळा नेमका कुठे?
म्हटलं, भिंतीमागे, जिथे सकाळी गुडघे दुखतात तिथे.
ती खूप हसली.
मग स्वच्छतागृह कुठे, तेही विचारलं.
दोन्ही मला ठाऊक होतं.

रात्री कुठेतरी मोठी जेवणं चालली असतील.
माझ्याकडे पावात गुंडाळलेलं चीज आहे,
तुला चालत नाही, मीच खाईन बसमध्ये.

हां, कात्री. बिल्ला दिला, परत मिळाली.
उद्या सोमवार. वरच्या ओळीपासून छाटणी सुरू करते.
धर जरा. नाही, या हातात, बऱ्या हातात.
किती ठेवायचे, आठवतं ना?
दोन डोळे, तू म्हणायचास,
दोन ठेव, बाकी सगळं काप.

उघड की मग.
एक तरी.