उजवीकडचा बोळ

सातगोंडा मगदूम, वय एक्कावन्न,
उद्यमनगरातल्या फौंड्रीत कोअर करतो:
वाळूचा तो गाभा, जो ओतताना असतो
आणि नंतर झटकून टाकायचा असतो,
मागे फक्त पोकळी ठेवून.
टेबलावर आडवा होताना म्हणाला,
डाक्टर, तुमचंबी काम माझ्यावानीच की,
आतली वाट, भिंत न फोडता.

मी हसले नाही.
गेल्या वर्षी याच टेबलावर
याच माणसाच्या आत मी चुकले होते.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी.
डावीची शीर लांब, समजूतदार,
विचारत विचारत गेलं तरी घर सापडतं.
उजवीची बोटाच्या पेराहून आखूड,
थेट महाशिरेत उघडणारी,
महाद्वार रोडवरच्या त्या एका बोळासारखी
जो चार दुकानं पुढे गेल्यावर आठवतो.
तेव्हा मी शेजारणीच्या दारात थांबले होते.
यकृताची बारीक शीर, तोंड तसंच, वळण तसंच,
पडद्यावरच्या सपाट करड्या छायेत
दोघी सख्ख्या बहिणी.
रक्त काढलं, नळीवर लिहिलं: उजवी.
नऊ दिवसांनी पुण्याहून आकडे आले,
कॉर्टिसॉल जांघेतल्या रक्ताइतकंच.
कागद एवढंच सांगत होता,
बाई, तुम्ही तिथे गेलाच नव्हता.

एक वर्ष तो गोळ्यांवर राहिला.
रात्री पोटऱ्यांत गोळे,
साचा उचलताना हातातून सुटायचा.

या खेपेला आधी सीटीवर शीर शोधली,
कुठल्या मणक्यापाशी, कुठल्या कुशीला,
किती तिरपी, वहीत लिहून घेतलं,
पाहुण्यांकडे जाताना पत्ता घेतात तसं.
जांघेतून कॅथेटर वर गेलं.
टोक कुठेतरी अडकलं.
रंगाचे दोनच थेंब, हळू,
जोर केला की ही शीर फुटते.

वाटलं, हीच.
गेल्या वर्षीही असंच वाटलं होतं.

विशाखा म्हणाली, मॅडम, फिरवू?
आम्ही काचेमागे गेलो. श्वास सोडा, धरून ठेवा.
यंत्राचा वाकडा हात
सातगोंडाभोवती फिरून आला,
देवळाला घातलेल्या अर्ध्या प्रदक्षिणेसारखा,
आणि सपाट छाया चकत्या होऊन उलगडली.
उजळलेलं होतं ते यकृत.

पुन्हा तीच शेजारीण.
पण या खेपेला ती पडद्यावर सापडली,
नऊ दिवसांनी कागदावर नाही.

टोक जरासं मागे, जरासं खाली,
शेंगदाण्याएवढं. पुन्हा दोन थेंब.
पुन्हा हात फिरला.
विशाखा काहीच बोलली नाही,
तिनं नुसतं बोट ठेवलं:
काळ्यात एक बारीक पांढरी रेघ,
दोन फाटे फुटलेली,
कोवळ्या मेथीच्या रोपासारखी ग्रंथी.
रक्त थेंबाथेंबानं आलं. घाई चालत नाही.
लेबल मी स्वतः लिहिलं.
अक्षर बरं आलं नाही.

सातगोंडानं टेबलावरूनच विचारलं,
घावला का बोळ?
घावला.
मग तो झोपला, घोरायलाही लागला.

बाहेर राजमती बसलेल्या, मांडीवर डबा.
अकरा वर्षं हिशेबानं मीठ टाकणारा हात.
सासू म्हणायची, नणंद म्हणायची,
तिसऱ्या गल्लीतला डॉक्टरसुद्धा म्हणायचा,
घरात खारट होत असणार.
पापड बंद, लोणचं बंद,
पांढरा रस्सा तर घरात नव्हताच कधी.
मी सांगितलं,
आतच कुणीतरी मीठ धरून बसलंय,
सोडत नाही. डावी की उजवी,
की दोघी, ते रक्त सांगेल.

त्या बराच वेळ डब्याच्या कडीकडे पाहत राहिल्या.
म्हंजे माझा हात चुकत न्हवता?

बर्फाची पेटी तेवढ्यात रात्रीच्या गाडीला निघाली.
उत्तर अजून नव्हतं,
पण या प्रश्नाचं होतं.