नमुना क्रमांक पाच

तिसऱ्या सत्रात ठशांच्या प्रात्यक्षिकाला दहा गुण.
शिंत्रे सरांनी काचेवर शाई ओतली, रोलर फिरवला,
म्हणाले, दाबू नका, बोट लोळवा,
नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
झोपलेलं मूल कूस बदलतं तसं.
तहसीनच्या अंगठ्यावर चक्र निघालं, माझ्या शंख.
शंख म्हणू नकोस, सर म्हणाले,
गुन्हेशास्त्र आहे हे, ज्योतिष नव्हे. लूप म्हण.

पुस्तकातल्या एका वाक्याखाली माझी पेन्सिलची रेघ आहे:
आईच्या पोटात उमटलेल्या या रेषा
माणूस कुजेपर्यंत बदलत नाहीत.
पाच गुणांना हमखास येतं.

घरून पाच जणांचे ठसे आणायचे होते.
शनिवारी हुपरीची गाडी धरली, मांडीवर शाईचं पॅड.
दादाचा घेतला, वहिनीचा, शेजारच्या बाळू शेटेचा,
त्याच्या पोराचा, हसत हसत, गुदगुल्या होतात म्हणून.
आई पैंजणाला डाग देत बसलेली,
तोंडात फुंकणी, पायाशी तेजाबाची बरणी.
हात पुसून तिनं अंगठा पुढं केला.

कागदावर नुसता काळा लंबगोल.
परत घेतला. परत तेच.
दाब की जरा.
दाबलंच हाय की गं.
दहाही बोटं झाली. जांभळं सांडल्यासारखा कागद,
एक रेष नाही कुठं.

सव्वीस वर्षं कड्या जोडल्यात तिनं.
मी पोटात असतानाही जोडतच होती;
आत माझ्या रेषा उमटत होत्या
तेव्हा बाहेर तिच्या कितपत उरल्या होत्या, विचारलं नाही.

म्हंजे मी चोरी केली तर घावायची न्हाई, म्हण की!
आणि खोकला येईपर्यंत हसली.
मग फुंकणी उचलता उचलता म्हणाली,
रेशनच्या मशीनला बी संशय हाय माझा.
तीन म्हैनं झालं, दादाच्या अंगठ्यावर तांदूळ खातोय मी.

रविवारी परतताना मुद्दाम गुजरीतून चालत गेले.
काचेआड पैंजणं, मखमलीवर, भाववाल्या चिठ्ठ्या.
पावडर टाकून ब्रश फिरवला असता
तर शेटजी सापडले असते, गिऱ्हाईक सापडलं असतं,
घालून बघून नको म्हणणारी मुलगीसुद्धा.

सोमवारी सरांनी लाल पेननं लिहिलं: अस्पष्ट. पुन्हा घ्या.
मी सांगायला गेले. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला,
म्हणाले, असं होतं. वीटभट्टीवरच्यांचं होतं, धुणीभांडीवाल्यांचं होतं.
नियमाला अपवाद म्हणून लिही, एक गुण वाढवतो.
फोनवर आई म्हणाली,
येतो मी तुझ्या कॉलेजात, दावतो सरास्नी बोटं.

मधल्या सुट्टीत डबा उघडला.
कालची भाकरी, खर्डा, कागदात शेंगदाण्याची चटणी.
वरच्या भाकरीवर कडेला काळा ठिपका,
गोल, गुळगुळीत, अंगठ्याएवढा.
शाई निघालीच नव्हती तर तिची.

पुरावा नाहीसा करणे:
जुनं कलम दोनशे एक, नवं दोनशे अडतीस.
दोन्ही मला पाठ आहेत.
तहसीन पाणी आणायला गेली होती.
तेवढा तुकडा मी आधी खाल्ला.