शिकाऊ

लिएपायाच्या बंदरामागे, रिकाम्या गोदामांच्या रस्त्यावर
बाबा मला गाडी शिकवतात, दर रविवारी.
क्लच हळू. आरसा बघ.
परत बघ, एल्झा.
इतक्यांदा मागे कोण बघतं?

वाचनालयाच्या तळघरात जुन्या पेपरांचे गठ्ठे असतात.
मी जन्मले त्या मार्चचा
एकच अंक सापडला, ओल लागून चिकटलेला:
पतपेढी, दोघं आत, पहारेकऱ्याचा गुडघा,
आणि बाहेर गाडी चालू ठेवून थांबलेला
गुंटिस व., वय चोवीस.
मी पान होतं तसं घडी घालून ठेवलं.
रात्री जेवताना आणखी बटाटे मागितले.

त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे.
हल्ली मिठाची बरणीसुद्धा
आवाज न करता सरकते आमच्याकडे.

आज ट्रामच्या थांब्यापाशी
एक म्हातारा काठी टेकत रस्त्यात उतरला.
एक पाय वाकत नव्हता.
असे पुष्कळ असतात. बर्फावर पडतात माणसं.
मी करकचून ब्रेक दाबला, गाडी बंद पडली.
त्यानं हात वर करून आभार मानले,
मला, की काचेआडच्या कुणालाही.

बाबांचा हात दाराच्या कडीवर होता.
मागचा हॉर्न वाजवत राहिला.
किल्ली माझ्या बोटांत होती.
तो पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत
मी ती फिरवली नाही.