भाव न करणारं गिऱ्हाईक

निमिषा शिर्के मोबाइल माझ्यापुढे धरते.
काका, तुम्ही बँकेत परदेशी हुंड्या बघायचात ना,
हे जरा वाचा.
मी चष्मा पुसतो. तेवढा वेळ मिळतो
तिच्या चेहऱ्याकडे बघायला.
रात्रभर जागलेली दिसते, पण आनंदानं.
हेच पहिलं वाईट लक्षण.

लोमे नावाच्या शहरातला कुणी गृहस्थ.
त्याला झोपाळे हवेत, संखेड्याचे,
लाखेचे, तांबडे-सोनेरी,
सरकारी अतिथिगृहासाठी.
सहाशे.

रमणभाई खरादी आणि त्यांची दोन मुलं
महिन्याला अकरा करतात,
तेही घासायला केवड्याचं पान वेळेवर मिळालं तर.
लाकूड कुठलं, पत्रात विचारलेलं नाही.
कडी किती वजन पेलते, विचारलेलं नाही.
झोपाळा कुरकुरतो का, हे तर
दांडिया बाजारातलं पोरसुद्धा विचारतं.
भाव सांगितला तसा मान्य, एका ओळीत,
मग तुमच्या कुटुंबाला ईश्वराचे आशीर्वाद,
आणि तळाशी, अक्षर बारीक होतं तिथे,
पुरवठादार म्हणून नोंदणी :
अठ्ठेचाळीस हजार, परत मिळणारे.

आमची ही खंडेराव मार्केटात
मेथीच्या जुडीवरून तीनदा माघारी फिरायची,
चौथ्यांदा घ्यायची.
मंजुळाबेन तिला शिव्या घालायच्या
आणि ती आली नाही की चौकशीही करायच्या.
एकीला मेथी हवी होती, दुसरीला पैसे.
ह्या माणसाला सहाशे झोपाळ्यांत
एक रुपया कमी नको.

तरी ‘खोटं आहे’ म्हणायला जीभ वळत नाही.
अठ्ठ्याऐंशी साली, रावपुऱ्याच्या शाखेत,
नगीनदास शाह असंच पत्र घेऊन आले होते.
अकीकाचे मणी हवेत, अँटवर्पहून.
एका पानात सतरा चुका शुद्धलेखनाच्या,
मी लाल पेन्सिलीनं मोजल्या, नवी नोकरी होती,
म्हटलं, शेठ, सोडा.
त्यांनी सोडलं.
तो माल दुसऱ्या वर्षी खंभातहून दुसऱ्याच कुणी पाठवला,
आणि पुढली दहा वर्षं पाठवत राहिला.
नगीनदास मला एक अक्षर बोलले नाहीत.
दर दिवाळीला मिठाईचा डबा यायचा.
मी तो मुलांना उघडायला सांगायचो.

म्हणून आता चुका मोजत नाही.
निमिषाला सांगतो, उत्तर लिही.
भाव सांगताना चूक झाली, म्हणावं,
झोपाळ्यामागे चार हजार वाढले.
आणि तुमची फी आमच्या पहिल्या बिलातून
वळती करून घ्या.
‘चिडला तर?’
चिडू दे की. चिडला तर मी स्वतः तुझ्याबरोबर बँकेत येईन,
पतपत्र कसं मागायचं ते शिकवीन.

ती लिहिते. मी चहा टाकतो.
आलं किसून होईस्तोवर उत्तर येतं.
भावाची काही हरकत नाही.
ईश्वर तुमचं भलं करो.
फीची उरलेली रक्कम आजच पाठवा.

उरलेली?

निमिषा कपबशीकडे बघत राहते.
‘अर्धी परवाच भरली, काका.
रमणभाईंना सागवानाचं सांगूनही ठेवलंय.’

चहा उतू जातो. शेगडी तशीच राहू दे, मी म्हणतो,
पासबुक आण, आधी बँकेत जाऊ,
मग पोलिसांत, उशीर झालाय तरी.
ती जिन्यात चपला घालताना थांबते.
‘पण लोमे आहे ना? खरोखरचं?
की तेही त्यानंच…’

आहे, मी सांगतो. नकाशात आहे.
समुद्राला लागून.

‘तरीच,’ ती म्हणते, ‘मी रात्री विचार करत होते
खाऱ्या वाऱ्यात आपली लाख टिकेल का.
त्याला विचारणारच होते.’